दोन बकऱ्यांचं जेवण

मुतलक : वहिनी, बकऱ्यांच्या वाड्याची किल्ली द्या बघू. खाटीक केव्हाचा खोळंबलाय.

नौफा : दोन बकऱ्या दिल्यात त्याला. पुरेत.

मुतलक : दोन? माझ्या भावाच्या तिसऱ्या दिवसाच्या जेवणाला? अहो, अख्खं करक गाव लोटेल तंबूत! सहा तरी कापायला हव्यात.

नौफा : तुमचा भाऊ माझा नवरा होता, भावजी. त्यांची माणसं मला ठाऊक आहेत. येतील तेवढ्यांना पुरेल. उरणार मात्र नाही.

मुतलक : उरायलाच हवं! भातावर मांसाचा डोंगर दिसला नाही, तर नाक कापलं जाईल घराण्याचं.

नौफा : मामंजींच्या वेळी होता ना डोंगर? कुत्रीसुद्धा हुंगून निघून गेली, इतका भात पडला होता तंबूमागं. तुम्ही पाहुण्यांना निरोप देत होतात, आम्ही दोघं नवरा-बायको त्या भाताची पोती भरत होतो. बापाला माती देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते पोतं उचलताना आलं.

मुतलक : फलाह हळवाच होता.

नौफा : एकेक करडू बाटलीनं दूध पाजून वाढवलं त्यांनी. उकिरड्यासाठी नाही.

मुतलक : अहो, लोक काय म्हणतील याचा तरी...

नौफा : म्हणू देत. किल्ली माझ्या कमरेला आहे. हिंमत असेल तर ओढून घ्या.

(दुपार उलटली आहे. पाहुणे गेले आहेत.)

मुतलक : पुरुषांच्या तंबूत शिरलात, वहिनी! सगळ्यांदेखत!

नौफा : एक म्हातारा पाहुणा ‘मांस संपलं की काय?’ म्हणून ओरडत होता. कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. तुम्ही तर मान खाली घालून उभे.

मुतलक : म्हणून काय असं उत्तर? ‘संपलं. भात आहे, दह्याचा रस्सा आहे. भूक असेल तर वाढते, थाट बघायचा असेल तर दुसरं घर गाठा!’

नौफा : भूक होती त्याला. दोनदा मागून घेतलं.

मुतलक : गावभर कंजूष म्हणून नाव झालं तुमचं.

नौफा : होऊ दे. ताटं कशी परत आली, पाहिलंत?

मुतलक : ...पाहिलं. घासायला काही नव्हतंच.

नौफा : आणि तुम्ही? जेवलात?

मुतलक : कुणाला कमी पडेल म्हणून बसलोच नाही.

नौफा : हात धुवून या. तुमच्यापुरतंच वाढते. लागलं तर मागा.