बाटलीभर पाणी आणि पत्रा

"छपराला स्क्रूचा पत्रा पुन्हा न्हाय म्हणजे न्हाय!"

"चंदना, बसमधी तरी हळू बोल की. स्क्रूखाली रबर असतंय."

"ते उन्हानं तडकतंय. पैंजणाला डाक लावून सांधताना गळतीचा थेंब माझ्या हातावर पडतोय, तुमच्या न्हाय. कडा दुमडून जोडलेला पत्रा घ्या, वरनं एक भोक न्हाय."

"हुपरीत कुणी घातलाय का त्यो?"

"आपण घालू. धरा हा आपल्या छपराचा जुना, स्क्रूच्या भोकांचा तुकडा मांडीवर."

माझ्या पुढच्या सीटवरच्या त्या बाईनं त्यावर पाण्याची बाटली उपडी केली.

"अगं, पँट भिजली की!"

"आता दुकानातला दुमडीचा नमुना धरा."

"नको! त्योच घेऊ! पर आता असा उतरू कसा? लोकं काय म्हणतील?"

"सांगा, पत्रा ठरला."

माझा थांबा आला, उतरतो.