मुठीवरचं नाव

बिलाच्या रांगेत पुढे नवराबायको भांडत होते. मागे उभ्या बाईने आपल्या कडेवरच्या बाळाचा हात काउंटरवरच्या सुरीपासून दूर धरला, पण कान भांडणाकडेच ठेवले.

“अगं, चांगल्यातली सुरी आहे. तुझ्या वाढदिवसाला!”

“वाढदिवस माझा, आणि जेवायला तुमचं अख्खं ऑफिस!”

“तुझ्या हातचं आवडतं त्यांना.”

“माझ्या हातांना काय आवडतं, ते विचारलंत कधी?”

“लोकांसमोर तमाशा नको.”

“ऐकू देत की लोकांना!”

“वहिनी, मुठीवर नाव कोरून देतो,” दुकानदार घाईघाईने मध्ये पडला. “काय घालू?”

“यांचं घाला. उद्या कांदे हेच चिरणार. मी पाहुण्यांत बसणार.”

दुकानदाराने नवऱ्याकडे पाहिलं.

“त्यांच्याकडे काय बघता? आणि खोल कोरा. घासून घासून जायला नको.”