कालिंदीनं ड्रोनसोबत काय घेतलं

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. सोपा आहे. पण उत्तर मनातल्या मनात द्या, शेजाऱ्याचं बघून नको!

माणूस घराबाहेर पडतो, नवं काही हाती घेतो — तेव्हा सोबत काय घ्यावं?

हसू नका! हा प्रश्न मोठमोठ्यांना चुकलाय. आमच्याकडं एकानं ट्रॅक्टर घेतला. त्याला भोंगे बसवले, झालर लावली, पुढं गोंडे, मागं शायरी! आणि चाक बसलं चिखलात, तेव्हा जॅक कुणाचा? शेजाऱ्याचा! मग ते भोंगे काय कामाचे? तर शेजाऱ्याला हाका मारायला!

म्हणून म्हणतो —

*निघताना वाटे । घ्यावे निवडून ।*
*ओझे ते सोडून । सोबत घ्या ॥*

जे आपण वाहतो ते ओझं. जे आपल्याला वाहून नेतं ती सोबत. दोन्ही एकाच पिशवीत बसतात, एकाच दुकानात मिळतात. वेगळं करायचं कुणी? तर तुम्ही आणि मी! ते कसं करायचं, त्याचं हे आख्यान. ऐका.

मावळात आंबेदरा नावाचं गाव. गावाच्या डोक्यावर भैरोबाचा डोंगर. डोंगराच्या खांद्यावर भैरोबाची राई — आजोबा-पणजोबांनी कुऱ्हाड न लावलेली झाडं! खाली गावात कालिंदी वाघोले राहायची. बाजारपेठेत तिचा फोटो स्टुडिओ. लग्न असो, बारसं असो, पंचक्रोशीत कॅमेरा कालिंदीचाच. नवरदेवाचा फेटा वाकडा असेल तर ती मांडवात सगळ्यांसमोर सांगायची — "थांबा! आधी माणूस सरळ करा, मग फोटो!" अशी बाई!

पण काळ बदलला. नवरीचे वडील विचारू लागले, "ताई, वरनं शूटिंग करता का? ते उडतं यंत्र हाय का तुमच्याकडं?" एकदा नाही म्हणाली, दोनदा नाही म्हणाली, पुढच्या सुपाऱ्या तालुक्याच्या माणसाकडं जाऊ लागल्या. तेव्हा कालिंदीनं ठरवलं — ड्रोन घ्यायचा. कुणाला विचारलं नाही. सांगितलं!

नवरा हणमंत म्हणाला, "घे की! पर भारीतला घे."

हणमंत म्हणजे दिलदार गडी. गावावर संकट आलं की सगळ्यांच्या पुढं. पण चकाकी दिसली की विरघळलाच! सासू सगुणाबाई मात्र दाराशी बसून म्हणाल्या, "माणसानं जमिनीवर राहावं. वरचं बघायला देव हाय."

"आत्याबाई," कालिंदी म्हणाली, "देवाला वरनं दिसतं, पण तो अल्बम काढून देत नाही!"

झालं! नवराबायको पुण्याला गेले. दुकान काय म्हणता — एवढं चकचकीत, की आरसा परवडला! ड्रोन तर कालिंदीनं घरूनच ठरवून ठेवला होता, तो लगेच घेतला. खरी गंमत पुढंच. दुकानदारानं कपाट उघडलं आणि म्हणाला, "मॅडम, आता त्याच्यासोबतचं सामान!"

मंडळी, इथंच माणूस सापडतो! मोठी वस्तू आपण विचार करून घेतो, आणि लुबाडले जातो ते सोबतच्या सामानात. खरं की नाही? साडी निवडायला सकाळ जाते, आणि पिशवी भरते ती मॅचिंगनं!

दुकानदारानं काय काय काढलं! सोनेरी पंखे. रंगीबेरंगी लाइटांची माळ. ड्रोनला चिकटवायची वाघाच्या कातड्यासारखी कागदं. चाकं लावलेली पेटी — एवढी मोठी, की आत ड्रोन ठेवा, वर हणमंताला झोपवा! हणमंताचे डोळे लकाकले.

"कालिंदे, ते वाघाचं घे गं! वरातीवर वाघ फिरंल!"

कालिंदीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दुकानदाराला विचारलं, "बॅटरी वाऱ्यात किती टिकते?"

"बॉक्सवर लिहिलंय तेवढी, मॅडम."

"बॉक्स आमच्या डोंगरावर उडणार नाही, भाऊ. वाऱ्यात किती टिकते?"

दुकानदार जरा सरळ झाला. म्हणाला, "वाऱ्यात कमी. बरीच कमी."

"मग जादा बॅटऱ्या द्या. आणि जीपमध्ये चार्ज होईल असा चार्जर. आमच्याकडं वीज पाहुण्यासारखी येते."

आता बघा ही बाई कशी निवडते! ती दुकानाकडं बघतच नव्हती. तिच्या डोळ्यांपुढं होतं आंबेदरा. डोंगराचा वारा, शेतातला फुफाटा, मांडवाचे बांबू. तिनं जादा पंखे घेतले — साधे, काळे. "शिकताना झाडाला धडकणारच मी. झाड काही बाजूला होणार नाही." उतरवायला घडीची चटई घेतली, म्हणजे माती-भुसा उडून कॅमेऱ्यात जाणार नाही. पंख्यांभोवती लावायची जाळी घेतली, पण दुकानदाराकडून वदवून घेतलं, की ती मांडवात, माणसांजवळ लावायची. मोकळ्या वाऱ्यात काढून ठेवायची, नाहीतर वारा तिलाच धरतो. भिंगाला लावायच्या काळ्या काचा परत केल्या. "आधी चालायला शिकते. गॉगल मग घालीन."

शेवटी दुकानदारानं एक काळी टोपी काढली. माणसाची नव्हे — ड्रोनचं चित्र ज्याच्यावर दिसतं, त्या मोबाइलच्या पडद्याची! उन्हात पडदा दिसावा म्हणून त्याच्यावर लावायचं छत.

कालिंदी म्हणाली, "ही नको. डोळे शाबूत हायत माझे."

अहाहा! इतकं सगळं नेमकं निवडणारी बाई — आणि इथं घसरली! का घसरली? कारण ती दुकानात होती, आणि दुकानात ऊन नसतं! शहाणा माणूससुद्धा सावलीत बसून उन्हाचा हिशेब करतो, तेव्हा चुकतो. तुम्हीही आता मांडवाच्या सावलीतच बसलाय, म्हणून सांगतो!

असो. सामान आलं. सरकारी नोंदणी झाली. कालिंदी रोज सकाळी खळ्यावर उडवायला शिकली. बाभळीला धडकली, कडब्याच्या गंजीत घुसली, एकदा सरपंचांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत उतरली! पण शिकली. हात बसला.

आणि मग चैत्रातली ती दुपार आली.

डोंगराच्या पश्चिमेकडून धूर निघाला. वणवा! वाळलेलं गवत, वरून भणाणता वारा. वनखात्याला फोन गेला, त्यांची माणसं निघाली. पण रस्ता लांबचा. आग वाट बघते का? गावचे गडी निरगुडीच्या ओल्या डहाळ्या तोडून आग झोडपायला वर धावले. पुढं कोण? हणमंत! "राई वाचली पायजे रं!" एवढीच हाक देऊन तो चढणीला लागला.

कालिंदीनं स्टुडिओचं शटर ओढलं. खळ्यावर आली. चटई अंथरली — खाली भुसाच भुसा होता! — आणि ड्रोन वर घातला. पहिल्या फेरीला नुसता धूर. वारा असा, की यंत्र पुढं जाण्यापेक्षा मागंच सरकत होतं. बॅटरी भराभर उतरली. तिनं ड्रोन परत आणला, बॅटरी बदलली, पुन्हा सोडला. ह्या वेळी सरळ न नेता कडेनं, डोंगराला वळसा घालून पाठीमागं नेला.

आणि मंडळी, पडद्यावर काय दिसलं?

काहीच नाही! धुराचं सावट सरलं आणि भर दुपारचं ऊन पडद्यावर! पडद्यावर तिला दिसला तिचाच चेहरा! वर नवरा, वर आग, आणि हातात आरसा! पदर धरला, तर हात सुटतो. पाठमोरी झाली, तरी ऊन. डोळे शाबूत होते हो, पण डोळे एकटे काय करणार?

इतक्यात डोक्यावर धप्पकन काहीतरी पडलं. सगळा अंधार. घोंगडी! आणि त्या अंधारात शेजारी कोण शिरलं? सगुणाबाई!

"आता दिसतंय का गं तुला?"

"आत्याबाई, तुम्ही!"

"माझं मागनं बघ. माझा हणमंत कुठाय, ते आधी बघ!"

जी सासू म्हणाली माणसानं जमिनीवर राहावं, ती सुनेच्या खांद्याला खांदा लावून आभाळातनं डोंगर बघायला लागली! वेळ आली की मत बाजूला ठेवता येतं, मंडळी, त्यासाठी पोथी वाचावी लागत नाही. लेक वर असला की पुरतं.

घोंगडीखाली पडदा लख्ख झाला. आणि कालिंदीच्या अंगावर काटा आला. गडी समोरची आग झोडपत होते, आणि मागच्या घळीतनं दुसरी आग गुपचूप वर चढत होती! दोन आगींच्या मध्ये माणसं! त्यांना धुरात एकमेकांचा हातही दिसत नव्हता, मग मागची घळ कुठनं दिसणार?

"आत्याबाई, तुमच्या फोनवरनं त्यांना लावा. माझ्या कानाशी धरा."

फोन वाजला. वाजतच राहिला. मग आवाज आला, "हॅलो! आये, आत्ता नको —"

"अहो, मी बोलतेय! मागं आग हाय. घळीतनं येतीय. तिथनं निघा!"

"राई जळंल कालिंदे! थोडकी ऱ्हायलीय —"

"राईच्या आधी तुम्ही जळाल! उजव्या अंगाला कातळ हाय, उघडा, गवत न्हाई. सगळ्यांना घेऊन तिकडं चला!"

"उजवं कुठलं? काय दिसंना गं! धूरच धूर —"

आता काय करावं? कालिंदीनं क्षणभर डोळे मिटले. मग ड्रोन खाली घेतला, अगदी कातळाच्या डोक्यावर, आणि तिथंच धरून ठेवला.

"अहो, भुंग्यासारखा आवाज येतोय का?"

"येतोय… येतोय!"

"त्या आवाजाच्या मागं या. दुसरीकडं कुठं जाऊ नका. आवाजाकडं!"

आणि नेमका त्याच वेळी हातातला रिमोट टीं टीं करू लागला. बॅटरी संपत आली. पडद्यावर सूचना — ड्रोन परत निघतोय! हे यंत्र मोठं शहाणं. बॅटरी कमी झाली की आपला जीव घेऊन स्वतःच घराकडं वळतं.

आता सांगा, काय करायचं? परत येऊ दिला तर ड्रोन वाचतो. आयुष्यभर कमावून घेतलेली वस्तू! एकाही लग्नात अजून उडाली नव्हती! आणि तिथंच थांबवला तर बॅटरी संपून कुठं आदळेल, नेम नाही.

कालिंदीनं विचार केला नाही. तिनं बटण दाबून परती रद्द केली.

"थांब तिथंच," ती म्हणाली. यंत्राला म्हणाली! "माणसं येईस्तोवर थांब."

ड्रोन थांबला. घोंगडीखाली दोघी बायका श्वास धरून. पडद्यावर धुरातनं एक माणूस बाहेर आला. मग दुसरा. मग तिघं एकमेकांचा हात धरून. मग मागं राहिलेल्या एका म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन — हणमंत! कातळावर पाय टेकला त्यानं. वर बघून हात हलवला. आणि पडदा काळा झाला.

सगुणाबाई घोंगडीखाली मोठ्यानं रडल्या. कालिंदी नाही रडली. ती घोंगडी सारून डोंगराच्या वाटेकडं डोळे लावून उभी राहिली.

दोन्ही आगी घळीच्या तोंडाशी भिडल्या. कातळावर त्यांना खायला काही नव्हतं, तशा बाजूनं पुढं सरकल्या. धूर विरला, तेव्हा गडी खाली उतरले. भुतासारखे काळे! कुणाच्या मिशा करपलेल्या, कुणाच्या पायात एकच चप्पल. हणमंतानं सदरा काढून त्यात काहीतरी गुंडाळलं होतं, तान्ह्या लेकरासारखं छातीशी धरलं होतं. कालिंदीपुढं सदरा उघडला. आत ड्रोन.

खाली मान घालून म्हणाला, "आदळला गं. पंखे मोडले."

कालिंदीनं ड्रोन घेतला नाही. आधी नवऱ्याचे हात उलटेपालटे करून बघितले, तोंडावरची काजळी पदरानं पुसली. मग म्हणाली, "पंख्यांची दुसरी जोडी हाय माझ्याकडं. तुमची कुठनं आणली असती?"

हणमंतानं ड्रोन अलगद चटईवर ठेवला.

पण आख्यान इथं संपत नाही! कारण आग अजून चालूच होती, आणि राई तिच्या वाटेत. तेवढ्यात वनखात्याची माणसं पोहोचली. कालिंदीनं नवे पंखे बसवले, शेवटची भरलेली बॅटरी घातली. उडतो का? उडाला! फक्त कॅमेरा आपटून वाकडा झाला होता. पडद्यावर डोंगर असा कलला होता, जणू गावावर पडतोय! मग काय, घोंगडीत शिरलेला प्रत्येक जण मान वाकडी करून बघू लागला. वनरक्षक मान वाकडी, सरपंच मान वाकडी, सगुणाबाई मान वाकडी! पण आग कुठनं कुठं जाते ते दिसलं. त्याबरहुकूम गड्यांनी राईच्या अलीकडचं गवत साफ कापून काढलं. ऊन कलताना आग त्या उघड्या पट्ट्यापाशी आली आणि विझली. कडेची काही झाडं होरपळली. राई उभी राहिली.

आता, श्रोतेहो, गोष्ट झाली. माझा मोर्चा तुमच्याकडं!

कालिंदीचं काय बरोबर होतं? तिनं दुकानात "काय काय मिळतं?" हे विचारलं नाही. "मला कुठं जायचंय?" हे विचारलं. म्हणून सोबत नेमकी मिळाली. जिथं ती चुकली, तिथं काय झालं? तिथं माणूस आला. कुठल्या कपाटात तो मिळत नाही, कुठल्या पेटीत तो बसत नाही. आणि शेवटचं, सगळ्यात मोठं — जपून, निवडून, राखून आणलेली वस्तू सोडायची वेळ आली, तेव्हा तिचा हात अडला नाही!

तुमचा अडेल का?

घरी जा. कपाटं उघडा. नवी भांडी पाहुण्यांसाठी, नवी गाडी मिरवायला, चांगली चादर ठेवणीतली! आणि दारात तहानलेला आला तर? फुटका पेला! मंडळी, ज्याच्यासाठी घेतलं त्याच्या उपयोगी पडलं नाही, तर ते घेतलंच कशाला? वस्तू वापरा, झिजवा, वेळ आली तर मोडू द्या. मोडलेलं दुकानात मिळतं. माणूस मिळत नाही. आज घरात कुणाशी अबोला असेल, तर आधी तिकडं जा.

मृदंगवाले, द्या ठेका! आणि तुम्ही सगळे — टाळी मोकळ्या हातांनी वाजते. हातात धरलेलं खाली ठेवा, आणि मग म्हणा देवाचं नाव!