माश्यांचा शिरा

अहो, मी आपला भेंडी चिरत बसलो होतो आणि लेकीचा फोन आला. "बाबा, लॅबचा एसी बंद पडलाय. माश्या घरी आणतेय."

त्या फळमाश्यांच्या पेशींत मुक्ताने विषाणूचं एक प्रथिन घातलं होतं, डोळ्यांवर काय परिणाम होतो ते बघायला. तिची अख्खी पीएच.डी. त्या बाटल्यांत होती.

घरी आल्यावर बाटल्या आमच्या थंड खोलीत ठेवून ती आंघोळीला गेली. माझी बहीण अक्का आली होती. तिला बाटल्यांच्या तळाशी माश्यांचं खाणं दिसलं. "उन्हाळ्यात ह्यांचा शिरा आंबेल की!" म्हणत तिने सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या.

मुक्ताने बाहेर काढल्या तेव्हा माश्या आडव्या. ती रडायलाच लागली. अक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आजारीच होत्या गं. सुटल्या बिचाऱ्या."

"आत्या, तू गप्प बस!"

तेवढ्यात एकीने पाय हलवला, मग दुसरीने. गारठ्याने नुसती शुद्ध हरपली होती. पाच मिनिटांत सगळ्या काचेवर चढल्या.

"आता गार काही देऊ नकोस त्यांना," अक्का म्हणाली.

मुक्ताची आई गेली तेव्हाही अक्का मला "सुटली बिचारी" असंच म्हणाली होती. तिला गप्प बस म्हणायचं माझं अजून राहिलंय.