कुलूपवाल्याचं बंद दार

दातांच्या दवाखान्यात कुलूपवाला आणि त्याची भाची नंबर लागायची वाट बघत होते. समोरच्या निवृत्त मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला होता, पण कान मात्र या दोघांकडे लावले होते.

“मामा, नव्या वेबसाइटवर येतंय का कुणी?”

“रोज शंभरेक येतात.”

“अगंबाई! म्हणजे दुकान वाचलं.”

“कसलं वाचतंय! फोन एकाचाही नाही. असंच चाललं तर महिनाअखेरीला शटर खाली.”

“फोन नंबर टाकलाय ना?”

“टाकलाय की. नंबर, पत्ता, सगळं आत आहे.”

“आत म्हणजे?”

“पासवर्डच्या आत. जन्मभर कुलपं विकली, आता स्वतःचंच दार सताड उघडं टाकू?”

“कपाळ माझं! आणि तो पासवर्ड कुणाला हवा असेल तर?”

“दुकानात येऊन मागावा.”

“अहो, पण दुकानाचा पत्ता...”

“आत आहे. सांगितलं ना एकदा!”

मास्तरांना राहवेना. त्यांनी पेपर खाली ठेवला.

“माफ करा हं. माझ्या घराचं कुलूप सकाळपासून उघडत नाहीये. तुमचं दुकान कुठे आहे?”

कुलूपवाल्याने त्यांना नखशिखांत न्याहाळलं.

“सांगतो. पण आधी सांगा, घर तुमचंच कशावरून?”