तिसरी टकटक

कानाच्या डॉक्टरांकडे बसलेल्या म्हाताऱ्या प्लंबरच्या एका कानात कापूस होता. दुसरा त्याने शेजारच्या काका-पुतणीला बहाल केला होता.

"काका, आत गेल्यावर डॉक्टरांना खरं सांगायचं हं."

"खरं तेच सांगणार. दोष रेकॉर्डमध्ये आहे, कानात नाही."

"तीन रेकॉर्डी बदलल्यात!"

"कंपनीने नव्या रेकॉर्डमधून शेवटची टकटक कापली, त्याला मी काय करू? चाळीस वर्षं ऐकतोय तो अल्बम. शेवटचं गाणं संपलं की बँड सोडून गेलेला ड्रमर परत येऊन दार ठोठावतो. हे पहिल्यांदा ओळखलं कुणी? मी!"

"तुमचे मित्र म्हणतात, स्टुडिओतली तोटी गळत होती."

"त्यांना ढोल आणि डबा सारखाच!"

"काका, तुमच्या जुन्या रेकॉर्डवर आहे ती टकटक. काल मी ऐकली."

काका तिच्याकडे वळले.

"...कशी येते?"

पुतणीने बाकावर बोटाने वाजवलं. दोनदा, मग जरा थांबून, तिसऱ्यांदा.

"तोटी नाही ती," प्लंबर न राहवून बोलला. "पन्नास वर्षं तोट्या बसवतोय. तोटी अशी विचार करत ठिबकत नाही. माणूसच आहे तो."

"ऐकलंस?" काकांची छाती फुगली. "मग तिसरीआधी का थांबतो, सांगा बरं?"

"आतले परत घेतील की नाही, म्हणून," प्लंबर म्हणाला.

कंपाउंडरने काकांचा नंबर पुकारला. पुन्हा पुकारला. पुतणीने खांद्याला हात लावला, तेव्हा काका उठले.

डॉक्टरांचं दार उघडंच होतं. तरी काकांनी ठोठावलं. दोनदा, मग जरा थांबून, तिसऱ्यांदा.