धर्माचा उजवा हात

मला नाडीतला जाणकार म्हणता ना? मग ऐका, मी एकदा जिवंत माणसाला मेलेला ठरवलंय.

ठाण्याच्या खाडीवर, मिठागराच्या बांधावर तिथला मजूर धर्मा भरदुपारी तापाच्या ग्लानीत पडला होता. भोवती मिठाच्या राशी इतक्या पांढऱ्या, की आपण झोपेतच चालतोय असं मला वाटत होतं. पुरुषाची नाडी उजव्या हाताची, म्हणून डोक्यावर गेलेला त्याचा उजवा हात मी तसाच धरला. नाडी लागेना. मी मान हलवली, तसं कुणीतरी तिरडीचे बांबू आणायला धावलं.

त्याची बायको मात्र हलली नाही. म्हणाली, "वैदबुवा, डोक्यावर मिठाची पाटी धरून धरून ह्यांचा हात निजेतबी वरच ऱ्हातो. तो खाली घ्या, मंग बगा."

हात खाली घेतला आणि खांद्याशी दबलेली शीर मोकळी झाली. खाजणात भरतीचं पाणी शिरावं तशी नाडी माझ्या बोटांखाली अलगद परतली.

धर्मा डोळे मिटूनच पुटपुटला, "पानी आलं गं."

धर्मा त्या तापातून उठला आणि तिरडीच्या त्या बांबूंवर त्याच्या बायकोने दुधीचा वेल चढवला. दर वर्षी पहिला दुधी माझ्याकडे येतो आणि भाजी खाताना मी गुपचूप स्वतःचीच नाडी बघतो.